मोटारीचा आवाज : खेळातला आणि खरा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या या व्याख्यानमालेत संतवाङ्मय झाले, नाट्यसंगीत झाले, शिवकालीन दुर्गांवरही एक उत्तम व्याख्यान झाले. अशा पंक्तीत मोटारशर्यतीच्या व्हिडिओ गेममधील आवाज हा विषय घेऊन आम्ही उभे राहिलो, हे पाहून काही ज्येष्ठांच्या भुवया उंचावल्याचे आम्हांला येथूनही दिसते आहे. आमच्या चिटणिसांनी विषय ऐकला तेव्हा तेही क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "निदान तरुण मुले तरी येतील." मुले आली आहेत, आणि नेहमीप्रमाणे मागच्या रांगेत बसली आहेत. आज त्यांनी पुढे यावे, अशी आमची विनंती आहे. कारण आजचा विषय जितका त्यांचा तितकाच आमच्या पिढीचाही आहे, हेच आम्हांला सांगावयाचे आहे.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्रशास्त्र अथवा ध्वनिशास्त्र यांत आमचा अधिकार नाही. या विषयाकडे आम्ही वळलो ते एका घरगुती तंट्यामुळे. कन्येची परीक्षा तोंडावर आली होती आणि बाहेरच्या खोलीत चिरंजीवांची मोटारशर्यत रंगात होती. आम्ही दूरचित्रवाणी संचाचा आवाज संपूर्ण बंद करविला. चिरंजीवांनी निमूटपणे ऐकले. परंतु ज्या वळणावरून त्यांची मोटार एरवी सहज जाई, त्याच वळणावर ती लागोपाठ तीनदा वाळूत गेली. आम्ही कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, "बाबा, तुम्ही आवाज बंद केलात. आता गाडी दिसते आहे, पण कळत नाही."

दुसऱ्या दिवशी कानांवर लावावयाचा हेडफोन आणला आणि तंटा मिटला. परंतु ते वाक्य मनातून जाईना. दिसणे आणि कळणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर आवाज भरून काढतो. आजच्या व्याख्यानाचे सारे सार एवढ्यात आले आहे. अशा खेळातील मोटारीचा आवाज सुधारावयाचा म्हणजे तो मोठा करावयाचा नव्हे, गोड करावयाचा नव्हे. प्रत्येक आवाजामागे कारण असले पाहिजे आणि ते कारण ऐकणाऱ्याला उमगले पाहिजे.

ही गोष्ट आपणांपैकी कुणालाही नवी नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाताना घाट चढणारी एस.टी. आठवावी. बस दुसऱ्या गिअरमध्ये घुरघुरत चढते, चालक अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरतो आणि इंजिनाचा आवाज जड, भरलेला, दाटलेला असतो. तीच बस त्याच गिअरमध्ये, त्याच वेगाने घाट उतरू लागली की इंजिनाचे फेरे तेवढेच असतात, परंतु आवाज पोकळ व सैल होतो. मधूनच सायलेन्सर फुटफुटतो. डोळे मिटून बसलेल्या प्रवाशालाही चढण संपल्याचे कळते. जुने चालक गिअर बदलण्यासाठी कोणत्याही काट्याकडे पाहत नसत. ते कानाने गाडी चालवीत. भार हा शब्द अभियंत्यांचा खरा, पण भार ऐकण्याची विद्या सर्वांची आहे.

इंजिनाचा आवाज होतो तरी कसा, याचे गणित फारसे अवघड नाही. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदा पेटतो. बुलेटला सिलिंडर एकच. मिनिटाला हजार फेरे धरले तर पाचशे स्फोट, म्हणजे सेकंदाला सुमारे आठ. म्हणून ते ठोके वेगवेगळे मोजता येतात. चार सिलिंडरांची आपली घरगुती मोटार मिनिटाला तीन हजार फेरे घेऊ लागली की सेकंदाला शंभर स्फोट होतात. तेव्हा ठोके विरून त्यांचा एक सूर बनतो. आणि फॉर्म्युला वनच्या ज्या आठ सिलिंडरांच्या मोटारी 2013 पर्यंत धावत, त्यांना मिनिटाला 18,000 फेऱ्यांची मर्यादा होती. म्हणजे सेकंदाला बाराशे स्फोट. ती किंकाळी कुठून येत असे, हे यावरून ध्यानात येईल.

परंतु स्फोटांची संख्या म्हणजे केवळ स्वराची उंची. आवाजाची जात निराळ्या गोष्टींवरून ठरते. सायलेन्सरची लांबी, हवा आत घेणारी नळी, इंजिनाचे धातूचे अंग, मोटारीची पोकळी या साऱ्यांचा अनुनाद त्यात मिसळतो. सिलिंडर आठच असले तरी त्यांच्या दट्ट्यांना जोडणाऱ्या दांड्याची घडण निराळी असल्यामुळे अमेरिकन मोटार गडगडते आणि इटालियन मोटार किंचाळते. गायकाच्या बाबतीतही हेच नाही का? दोन गायक एकाच पट्टीत षड्ज लावतात, तरीही कोण गात आहे हे आपण तत्क्षणी ओळखतो.

येथेच जुन्या खेळांचे दुखणे सापडते. 1982 साली नामको या जपानी कंपनीचा पोल पोझिशन हा खेळ आला, त्या काळात यंत्राकडून अपेक्षाच एवढी होती की वेग वाढला की गुणगुण चढावी आणि वेग उतरला की ती उतरावी. पुढे ध्वनिमुद्रण वापरण्याचे दिवस आले, परंतु जागा तोकडी होती. 1997 च्या डिसेंबरात जपानमध्ये प्लेस्टेशनवर ग्रॅन टुरिस्मो हा प्रसिद्ध खेळ निघाला. त्यात शंभराहून अधिक मोटारी होत्या. परंतु त्या यंत्रात आवाजासाठी राखलेली स्मृती अवघी 512 किलोबाइट. उत्तम दर्जाचा आवाज त्यात जसाच्या तसा ठेवला तर सहा सेकंदही भरत नाहीत. दाबून, आकसून ठेवला तरी सुमारे वीस सेकंद. तेवढ्यात सर्व स्पर्धक मोटारी, टायरांचे कर्कश ओरडणे, टकरी, सगळे काही बसवावयाचे. तेव्हा इंजिनाचा एक छोटा तुकडा घ्यावयाचा, तो पुनःपुन्हा फिरवावयाचा आणि फेरे वाढतील तसा तो जलद वाजवावयाचा, हाच मार्ग होता.

या युक्तीचा दोष आमच्या पिढीला एका वाक्यात समजेल. मिनिटाला तेहतीस फेऱ्यांची तबकडी पंचेचाळीसवर लावली म्हणजे काय होते? गायक वरच्या सुरात गात नाही. गायकाच्या गळ्यात कुणी बाहुले येऊन बसते. कारण स्वर चढतो त्याबरोबर गळ्याचा मूळ अनुनादही चढतो, आणि तो तर खऱ्या माणसात जागचा हलत नाही. मोटारीचेही तसेच. फेरे वाढले म्हणून सायलेन्सरची लांबी कमी होत नाही. एकच तुकडा ताणून वाजविला की मोटारीचे अंग नाहीसे होते आणि घरातील केर ओढणाऱ्या यंत्राचा आवाज उरतो. ग्रॅन टुरिस्मोच्या चाहत्यांनी पुढील अनेक वर्षे नेमकी हीच उपमा देऊन तक्रार केली. चित्र दर आवृत्तीत उजळत गेले, परंतु कान मागे राहिले. 2017 च्या ग्रॅन टुरिस्मो स्पोर्टपासून या बाबतीत स्पष्ट सुधारणा दिसू लागली.

मग उपाय कोणता? पहिला उपाय मुद्रणाचा. मोटार रोलरवर उभी करून चाके जागच्या जागी फिरवितात. रोलरला रोध लावला की इंजिनाला घाट चढल्याचा भास होतो. पाय काढून घेतला की घाट उतरल्याचा. इंजिनापाशी, हवेच्या नळीपाशी, सायलेन्सरच्या तोंडाशी आणि चालकाच्या कानापाशी असे वेगवेगळे मायक्रोफोन लावून हजार, दोन हजार, तीन हजार फेऱ्यांवरचे आवाज भारासह आणि भाराविना टिपून घेतात. खेळ चालू असताना एका तुकड्यातून दुसऱ्यात हळूच सरकावयाचे असते. यात कौशल्य आहे ते सांधा लपविण्याचे. दोन तंबोरे किंचित विसंवादी लागले असता जी थरथर ऐकू येते, तीच थरथर दोन तुकडे नीट न जुळल्यास येथेही येते आणि कान ती लगेच पकडतो.

दुसरा उपाय याहून सूक्ष्म आहे. इंजिन अगदी खालच्या फेऱ्यांपासून वरच्या फेऱ्यांपर्यंत सावकाश चढवीत नेऊन एकसलग मुद्रण करावयाचे आणि त्या मुद्रणाचे इंजिनाच्या आवर्तनाबरहुकूम बारीक कण पाडावयाचे. खेळाडूचे इंजिन ज्या फेऱ्यांवर असेल, तेथले कण उचलून थोडे उलटसुलट लावावयाचे, म्हणजे तेच ते घोळविल्यासारखे वाटत नाही. यात काही ताणावे लागत नाही, म्हणून मोटारीचे अंग शाबूत राहते. तिसरा उपाय मुद्रणाला बाजूस सारतो. लाइव्ह फॉर स्पीड या ब्रिटिश खेळात इंजिनाचा आवाज गणिताने घडविला जातो. आणि 2022 साली इंजिन सिम्युलेटर नावाची आज्ञावली सार्वजनिक झाली, तिच्यात सिलिंडरांतील वायूंचा दाब आणि प्रवाह मोजून त्यातूनच ध्वनी निर्माण होतो. सिलिंडरांची मांडणी बदलावी आणि आवाज बदललेला ऐकावा, अशी ती विलक्षण प्रयोगशाळा आहे.

यांपैकी कोणता मार्ग श्रेष्ठ, हा वाद हौशी मंडळी हिरिरीने घालतात. आमच्या अल्पमतीनुसार हा वाद दुय्यम आहे. मुद्रण कितीही शुद्ध असो, खेळाडूने पाय उचलताच आवाज सैल झाला नाही, गिअर बदलताना क्षणभराचा श्वास पडला नाही, तर ते मुद्रण शोभेच्या फुलदाणीसारखे आहे. चित्र आणि आवाज यांत किंचितही विलंब असेल, तरीही तेच. आवाज आज्ञाधारक हवा. पण चालकाचा नव्हे, यंत्राचा.

आता एक गोष्ट सांगतो, ती प्रथम आम्हांलाही चमत्कारिक वाटली. चांगल्या खेळात काही आवाज खऱ्याहून जाणूनबुजून अधिक करावे लागतात. खरी मोटार घसरू लागली की चालकाला ते सर्वांआधी आसनातून कळते. पाठीला, कमरेला, हातांतील चक्राला कळते. घरातील खुर्ची मात्र हलत नाही. तेव्हा आसनाने जे सांगावयाचे, ते कानाने सांगावे लागते. म्हणून टायरची पकड सुटण्यापूर्वीच त्याचा बारीक कुरकुरणारा सूर सुरू व्हावा, पकड सुटत जाईल तसा तो चढावा, आणि चाक रस्त्याच्या कडेला गेले की पोत बदलावा, अशी योजना करतात. खऱ्या शर्यतीत इंजिनाच्या गोंगाटात टायरचा आवाज चालकाला इतका स्पष्ट ऐकू येत नाही. म्हणजे येथे वस्तुस्थितीशी थोडी फारकत घेऊन सत्याशी इमान राखले जाते. नाटकातील स्वगत प्रत्यक्ष जीवनात कोण मोठ्याने बोलतो? तरीही ते खोटे वाटत नाही. चिरंजीवांची मोटार वाळूत का गेली, याचा उलगडा आम्हांला येथे झाला. आम्ही आवाज बंद केला नव्हता; त्यांचे आसनच काढून घेतले होते.

आवाजाला कारण हवे, तशीच जागाही हवी. कठड्याजवळून जाताना तो परतून यावा, मोनॅकोच्या बोगद्यात तो कोंडावा, मोकळ्यावर आल्यावर सुटावा. कडेला उभ्या असलेल्या प्रेक्षकाजवळून ताशी 200 किलोमीटर वेगाने मोटार गेली, तर जवळ येताना व दूर जाताना ऐकू येणाऱ्या स्वरांत 1 ला 1.39 असे प्रमाण पडते. आपल्या संगीताच्या भाषेत, शुद्ध आणि तीव्र मध्यमांच्या दरम्यान कुठून तरी स्वर एकदम षड्जावर कोसळतो. हे तत्त्व ऑस्ट्रियाच्या डॉप्लरने 1842 मध्ये मांडले. फलाटावरून न थांबता जाणाऱ्या गाडीची शिटी ज्याने ऐकली आहे, त्याला ते न शिकताही ठाऊक आहे.

राहिला प्रश्न मोठेपणाचा. 30 ऑक्टोबर 2011 रोजी ग्रेटर नोएडा येथील बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. आम्ही सहकुटुंब तेथे होतो. कानांत बोळे घातले होते, तरीही तो आवाज छातीतून ऐकू येत होता. त्याच वर्षीच्या फॉर्म्युला वनच्या अधिकृत खेळात हीच धावपट्टी होती. चिरंजीवांनी ती लावली आणि हिरमुसून म्हणाले, "तसं वाटत नाही." आवाज वाढवून पाहिला, फक्त शेजारी आले. घरातील संच त्या गर्जनेला कधीही पोहोचणार नाही, आणि पोहोचू नये. मोठेपणाचा भास निर्माण करावा लागतो. आधीची शांतता राखून ठेवावी, त्या क्षणी दुय्यम आवाज मागे सारावेत आणि मुख्य आवाज किंचित फाटू द्यावा. गवयी समेवर येण्यापूर्वी थांबतो, त्यातलाच हा प्रकार. सगळेच आवाज सदैव मोठे असतील, तर मोठे असे काहीच उरत नाही.

2014 पासून फॉर्म्युला वनमध्ये सहा सिलिंडरांची टर्बो आणि वीज यांची संमिश्र इंजिने आली. आवाज एकाएकी खाली आला आणि जगभरच्या प्रेक्षकांनी हळहळ व्यक्त केली. त्याच वर्षी एका संघाने सायलेन्सरला कर्ण्यासारखे तोंड लावून आवाज वाढतो का, याचा प्रयोगही करून पाहिला. पुढे 11 फेब्रुवारी 2023 रोजी हैदराबादच्या रस्त्यांवर विजेच्या मोटारींची शर्यत झाली, तिच्यात स्फोट मुळी नव्हतेच. दातेरी चाकांचे शीळ घालणे, टायर आणि वारा एवढेच उरले होते. अशा मोटारीचा आवाज खेळात उभा करणे हे उलट अधिक अवघड आहे, कारण मागे लपावयास इंजिनाची गर्जना नाही. आणि आवाजाची आवश्यकता केवळ खेळातच भासते असेही नाही. युरोपात जुलै 2019 पासून विजेच्या नव्या प्रकारच्या मोटारींना कमी वेगात चालताना कृत्रिम आवाज करणे बंधनकारक झाले, कारण नि:शब्द मोटार अंध पादचाऱ्याला कळत नाही. चिरंजीवांचा "कळत नाही" हा शब्द कायद्यालाही मान्य करावा लागला.

आता थोडे मनातले बोलतो. आमचे बालपण अशाच एका सरकारी वसाहतीत गेले. वडिलांची स्कूटर चेतक होती. शेजारच्या जिन्यांतही चेतकच होत्या. सायंकाळी एकामागून एक त्या फाटकातून आत येत. आमची आई स्वयंपाकघरातून न पाहता म्हणे, "हे आले," आणि चहाचे आधण ठेवी. ती कधीही चुकली नाही. एकाच कारखान्यातून निघालेल्या, एकाच बनावटीच्या त्या स्कूटरींत तिला एक ओळखू येई. कुठे सायलेन्सरला भेग असेल, कुठे गिअर टाकण्याची सवय असेल. वडील गेले, ती स्कूटरही विकली गेली. आमच्याकडे वडिलांची छायाचित्रे पुष्कळ आहेत. तो आवाज मात्र कुठेही नाही. तो टिपून ठेवावा, असे आम्हां कुणाच्याही मनात आले नाही. 2020 साली चेतक हे नाव पुन्हा रस्त्यावर आले, पण विजेवर. ती गाडी उत्तमच आहे, हवा स्वच्छ ठेवते. आमची तक्रार नाही. परंतु तिच्या येण्याची चाहूल लागून कुणी आधण ठेवील, असे वाटत नाही.

मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. वस्तुसंग्रहालयात तिचा देह राहील. आवाज कोण ठेवणार? आमचे उत्तर कदाचित आपणांस हास्यास्पद वाटेल, परंतु तो आज ही खेळ रचणारी मंडळी ठेवीत आहेत. इटलीत तयार झालेल्या आणि 2014 साली पूर्ण स्वरूपात आलेल्या असेटो कोर्सा या खेळाला जगभरच्या हौशी तरुणांनी स्वतः घडविलेले ध्वनिसंच जोडले. ज्या मोटारी रस्त्यावर पुन्हा दिसणार नाहीत, त्यांचे आवाज अशा रीतीने कुणाच्या तरी खोलीत रात्री उशिरापर्यंत जिवंत असतात. आम्ही ज्याला कटकट म्हणत होतो, ते एक प्रकारचे दप्तर आहे. आमची नोकरी दप्तरे सांभाळण्यातच गेली; एवढे तरी आम्हांला आधी कळावयास हवे होते.

म्हणून समारोपात दोन विनंत्या. पहिली मागच्या रांगेतील तरुणांना. आपल्या सभासदांकडे अद्याप काही जुन्या गाड्या चालू स्थितीत आहेत. एक बुलेट आहे, एक येझदी आहे, एका काकांची फियाट आहे. त्यांचे आवाज टिपून घ्या. नुसते उभ्या गाडीचे नकोत. चढणीवरचे, उतारावरचे, गिअर बदलतानाचे, आतून आणि बाहेरून, आणि प्रत्येकासोबत गाडीचे नाव, साल व फेरे लिहून ठेवा. मंडळाच्या ग्रंथालयात पुस्तकांशेजारी त्यांनाही जागा मिळावी, असा ठराव आम्ही कार्यकारिणीपुढे मांडणार आहोत. उद्या तुमच्यापैकी कुणी असा खेळ रचील, तर त्यात एखादी तरी गाडी आपल्या रस्त्यांवरची असेल.

दुसरी विनंती आमच्या वयाच्या मंडळींना. मुलगा खेळत असताना बाहेरून "आवाज कमी कर" असे म्हणण्याआधी एकदा आत जाऊन त्याच्या शेजारी बसावे आणि हेडफोन क्षणभर आपल्या कानांस लावून, डोळे मिटून घ्यावेत. गाडी चढणीवर आहे की उतारावर, एवढेच ओळखावे. ओळखता आले तर आवाज चांगला आहे असे समजावे. आणि न आले तर त्याला विचारावे, तो सांगेल. पन्नास वर्षे आपण या परमुलखात एकत्र जमलो ते एकमेकांची भाषा कानांवर पडावी म्हणूनच. घरातल्या घरात एकमेकांचे ऐकणे तेवढे राहून जाऊ नये.